दुसऱ्याचा रिपोर्ट

रिपोर्टवरचा अँटीबॉडीचा आकडा तिनं पुन्हा पुन्हा वाचला. गेल्या खेपेच्या चौपट!

शाळेत शिकवायची ती. सगळे तिला बाईच म्हणत. दोन वर्षं तिच्या रक्तातल्या अँटीबॉडी तिच्याच कातडीवर उठल्या होत्या. अंगावर फोड, तोंडात जखमा. ते बघून जमलेलं लग्नही मोडलं होतं. गोळ्यांनी जीव नुसता विटून गेला होता... त्वचारोग विभागाच्या बाकावरच तिला रडू फुटलं.

"अहो... ते रडणं माझं आहे," शेजारून कुणीतरी म्हणालं. "काउंटरवर अदलाबदल झालीय. तुमचा रिपोर्ट माझ्याकडे आलाय. छान उतरलाय हो आकडा!"

तिनं डोळे पुसून पाहिलं. खाकी गणवेशातला बसचा ड्रायव्हर होता तो. कातडी अगदी नितळ.

"पण तुम्हाला तर एकही फोड नाही!"

"वरून बघणाऱ्या कुणालाही मी फसवतो," तो हसला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं — आकडा चढला म्हणजे आजार उलटेलच असं नाही. पण गाफील राहू नका.

पुढे दोघं तपासणीला एकाच दिवशी येऊ लागली.

"आज किती?" तो विचारायचा.

"आधी तुम्ही."

"हसताय, म्हणजे उतरलाय!"

"आकड्यासाठी नाही हसले..." ती बोलून गेली, आणि कानापर्यंत लाल झाली.

एकदा मात्र तो आलाच नाही. तिनं फोन केला.

"उलटलाच शेवटी," तो थकून म्हणाला. "पाठ सोलवटलीय. येऊ नका, बाई. बघवणार नाही तुम्हाला."

ती तडक त्याच्या घरी गेली. दार त्याच्या वहिनींनी उघडलं. तिनं हात धुतले, त्यांच्या हातातलं मलम घेतलं आणि हलकेच त्याच्या पाठीला लावू लागली.

तो उशीत तोंड खुपसून पडला होता. "किळस नाही येत?"

"कंटाळा येतो. या आजाराचा, गोळ्यांचा, सुयांचा... तुमचा नाही येत."

"पुन्हा पुन्हा उलटेल हे. तुमचंही, माझंही."

"उलटू दे की! एकट्यानं सोसून तरी कुठे बरं वाटलं?"

त्यानं उशीतून तोंड वर काढलं. मग कसाबसा कुशीवर वळला. "बाई... लग्न कराल माझ्याशी?"

"करेन," ती म्हणाली. "आता पालथे व्हा बघू. अर्धी पाठ राहिलीय."