बद्द वाजणारा गज

ही गोष्ट खरी आहे.

थापाड्या म्हणून माझं नाव झालंय, ते मी नाकारत नाही. मी साप मारला म्हटलं तर लोक दोरीची लांबी विचारतात. पण ही थाप नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो माझा साडू आहे, जिवंत, धडधाकट. विश्वास बसत नसेल त्यानं जाऊन त्याला भेटावं.

तो तुम्हाला भेटायला येऊ शकणार नाही, एवढंच.

आणखी एक सांगतो. भुताच्या गोष्टीत मध्यरात्र असते, वारा सुटलेला असतो, कुत्री रडतात. इथे तसलं काही नाही. रविवारची दिवेलागणीची वेळ. गल्लीत पोरं चेंडू खेळत होती. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. साडू पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून बशीत चहा ओतत होता.

आणि खिडकीचा गज वाजला.

खण्…

साडूची बशी तशीच हातात राहिली.

आता साडू कोण ते सांगायला हवं. तो तुरुंगात होता. असं अर्धवट सांगितलं की नवखा माणूस दचकतो, आणि तो मुद्दाम तसंच सांगायचा. मग म्हणायचा, "जन्मठेप भोगली, पण पगारी." तुरुंगात तो जमादार होता. संध्याकाळी कैदी कोठड्यांत गेले, कुलपं लागली, की त्याचं काम सुरू. हातात लाकडी मोगरी घ्यायची, बाहेरच्या बाजूनं फिरायचं आणि प्रत्येक खिडकीचा प्रत्येक गज ठोकून बघायचा. साबूत गज खणखणीत वाजतो. कुणी आतून कापत असेल तर बद्द वाजतो, फुटक्या मडक्यासारखा. साडूचा कान इतका तयार की बरोबरचे शिपाई म्हणायचे, याला गजाचा तापसुद्धा कळतो.

या नोकरीपायी त्याची एकही संध्याकाळ त्याची राहिली नाही. मेव्हणीनं नवऱ्याला दिवेलागणीला घरात पाहिलं ते आजारपणातच. लेक समुद्रकाठच्या गावी दिलेली, तिला आता दिवस गेले होते. रिटायर झालं की दोघांनी तिच्याकडे जाऊन राहायचं, हे कधीचं ठरलं होतं. जमादाराची हौस एकच. नातवंडाला कडेवर घेऊन संध्याकाळी वाळूवर चालायचं.

"भिंत नसलेली संध्याकाळ बघायचीय मला," तो म्हणायचा. "एकदा बघितली की डोळे मिटायला मोकळा."

रिटायर होऊन पंधरवडाही झाला नव्हता. पेट्या भरायला काढल्या होत्या.

खण्… दुसरा गज.

मेव्हणी स्वयंपाकघरातून म्हणाली, पोरं काठी मारत असतील, हाकला त्यांना. पण पोरं काठी गजांवरून ओढत पळतात, खरखर आवाज येतो. हे तसं नव्हतं.

हे एकेक होतं.

ठोकायचं… थांबायचं… ऐकायचं… मग पुढचा.

जमादार उठला. खिडकीत कुणी नव्हतं. तो दाराकडे गेला आणि कडी काढून दार ओढलं.

दार हललं नाही.

त्यानं पाय लावून ओढलं, शिवी देऊन ओढलं. मेव्हणी हात पुसत आली आणि तिनं एका बोटानं दार उघडलं. "रिटायर झालात तशी ताकदपण जमा करून आलात वाटतं," ती म्हणाली. तो उघड्या दारातून बाहेर पडायला गेला, आणि छातीला काहीतरी गार लागलं.

गार. गोल. कडक.

समोर गल्ली दिसत होती. चेंडू दिसत होता. मध्ये काहीच नव्हतं. पण माणूस तसूभर पुढे सरकेना.

आत येऊन त्यानं दिव्याखाली बघितलं… पांढऱ्या बनियनवर गंजाचे उभे पट्टे उमटले होते. एकमेकांपासून सारख्या अंतरावर.

सकाळी सगळं ठीक. तो बाहेर गेला, दूध आणलं, कोपऱ्यावर दाढी करून घेतली, न्हाव्याला चार विनोद सांगितले. संध्याकाळी पुन्हा गज वाजले आणि पुन्हा दार बंद. मेव्हणीला ते सोंग वाटलं. म्हणाली, जन्मभर ड्यूटीचं निमित्त केलंत, आता दाराचं करा.

मग एक दिवस गज वाजले ते चहाच्या वेळेला.

पुढे जेवण झाल्या-झाल्या.

पुढे भर सकाळी.

त्याचा बाहेरचा दिवस असा आटत आटत गेला, आणि एके दिवशी तो दूध आणायला उठला तेव्हा आवाज होऊन गेला होता. त्या दिवसापासून तो बाहेर पडलेला नाही.

आवाज मात्र फिरून आपल्या जुन्या वेळेवर आला. दिवेलागणीला. काम पुरं झालेल्या माणसासारखा, निवांत.

गल्लीच्या तोंडाशी एक वेल्डर आहे. सगळे त्याला ठिणगी म्हणतात, कामामुळे आणि तोंडामुळेही. घराच्या खिडक्यांचे गज त्यानंच बसवलेले. त्याला बोलावलं. तो म्हणाला, भूतबित मला माहीत नाही, पण गजच काढून टाकले तर ते वाजवणार काय, स्वतःचं कपाळ? एका दुपारी त्यानं पुढच्या आणि मागच्या, दोन्ही खोल्यांचे गज मुळापासून कापून अंगणात रचले. खिडक्या उघड्या बोडक्या. ठिणगी पुढच्या खिडकीतून आत-बाहेर उड्या मारून दाखवत होता.

दिवेलागण झाली. तिघंही खिडकीकडे बघत बसली.

खिडकीत एकही गज नव्हता.

खण्…

मेव्हणीनं पदर तोंडात धरला.

खण्… रिकाम्या हवेत. एकामागून एक. जिथे जिथे गज होता, तिथे तिथे.

ठिणगीचा सगळा आगाऊपणा विझला. त्यानं विचारलं, "जमादार, हा सूड तुमच्यावर कोण उगवतंय?"

जमादार बनियनवरचे पट्टे बोटानं चोळत बसला. मग सांगितलं.

तुरुंगात एक शिंपी होता. कैद्यांचे कपडे शिवायच्या कारखान्यात बसायचा. बाहेर त्याची आई होती, पार थकलेली, आणि मरण्याआधी तिला एकदा भेटायचं एवढंच त्याच्या डोक्यात. अर्ज केले, फेटाळले गेले. मग त्यानं गज कापायला घेतला. करवत कुठली मिळणार? दोऱ्यानं. दोऱ्याला मेण लावायचं, त्यावर विटेची भुकटी आणि वाळू घोळवायची, आणि गजाला वेढा घालून ओढत राहायचं. दोरा तुटला की दुसरा. पडलेली खाच साबणानं आणि गंजानं बुजवायची. डोळ्यांना दिसणार नाही असं काम.

पण जमादाराला डोळ्यांची गरजच नव्हती. पहिल्याच आठवड्यात त्याला तो गज किंचित बद्द लागला.

आणि तो कुणाला बोलला नाही.

दया म्हणून नव्हे. त्याला मौज वाटली. रोज संध्याकाळी तो ठोकायचा आणि काम कुठवर आलं ते ऐकायचा. महिने गेले, पावसाळा गेला. शिंपी आनंदात असायचा, नमस्कार करायचा, सांगितलेलं काम मुकाट्यानं करायचा. एका नव्या शिपायाला जमादारानं शिकवलंही होतं, "आशा लागलेला कैदी त्रास देत नाही. शहाण्यासारखा राहतो."

एके संध्याकाळी गज असा वाजला की आता एक धक्का पुरेल. दुसऱ्या दिवशी शिंपी कारखान्यात असताना जमादारानं त्याची वळकटी स्वतःच्या हातानं उचलली आणि शेजारच्या कोठडीत नेऊन ठेवली. वर चादरीची घडी घातली. संध्याकाळी शिंपी आला, त्यानं वळकटी बघितली, मग जमादाराच्या हातातली मोगरी बघितली.

एवढंच विचारलं त्यानं, "जमादार, तुम्हाला ऐकू येत होतं?"

जमादार हसला होता.

पुढे शिंप्यानं जेवण सोडलं. नव्या खिडकीखाली बसून बसूनच गेला. आई आधी गेली की नंतर, ते कुणी विचारलं नाही.

ठिणगी उठला, अवजारं गोळा केली आणि कामाचे पैसे न घेताच गेला.

दोन दिवसांनी जावयाचा फोन आला. लेकीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या होत्या. मेव्हणी दारात घुटमळली. मी जाऊ का तुम्हाला असं टाकून, म्हणाली. जमादारच तिला जा म्हणाला. ती उंबरा ओलांडून गेली, तिची पेटी गेली, रिक्षा वळली. तो दारात उभा होता, छाती गार करून घेत.

घरात एकटा. ठिणगी खिडकीतून डबा द्यायचा आणि मागे न बघता पळायचा.

नात झाली. फोनवर तिचं रडणं ऐकून जमादारही रडला.

आणि त्याच संध्याकाळी…

खण्… खण्… बद्.

त्यानं श्वास रोखला. चूक शक्य नव्हती. त्याचा कान होता तो. न दिसणाऱ्या त्या गजांतला एक किंचित बद्द वाजला होता.

सकाळी खिडकीच्या चौकटीत त्याला दोऱ्याचा तुकडा सापडला. मेणानं ताठ झालेला. बोटात फिरवला तर खरखरीत… वाळू.

कुणीतरी त्याचा गज कापत होतं. बाहेरून.

आधी त्याला भीती वाटली, की शिंपी आत येतोय. मग त्यानं विचार केला. आत यायला याला गज कापायची काय गरज? हे घर म्हणजे आता त्याचाच तुरुंग आहे. म्हणजे हा सोडवतोय मला. शिक्षा पुरी झाली असेल. मेल्यावर माणसाचं मन मोठं होत असेल.

त्या दिवसापासून जमादार बदलला. वेळेवर जेवू लागला, रोज दाढी करू लागला. मेव्हणीला फोनवर सांगू लागला, येतो, लवकरच येतो, नातीला म्हणावं वाळूवर जायचंय आपल्याला. रोज दिवेलागणीला खुर्ची खिडकीशी ओढून बसायचा आणि तो गज आदल्या दिवसापेक्षा बद्द ऐकून त्याचा चेहरा उजळायचा. आवाज थांबला की रिकाम्या खिडकीला हात जोडायचा.

शेवटी ती संध्याकाळ आली.

पिशवी भरून खुर्चीशी ठेवली होती. त्यात नातीसाठी ठिणगीकडून मागवलेलं लोकरीचं टोपडं. दिवे लागले. एकेक गज वाजत आला, आणि तो कापत आणलेला गज वाजलाच नाही. ओल्या लाकडावर बोट मारावं तसा नुसता थप् झाला.

जमादार उभा राहिला. खिडकीत हात घातला. डोळ्यांना काही नव्हतं, पण मुठीत थंड लोखंड आलं… आणि ते दुधाच्या दातासारखं हललं.

एक धक्का.

तो पिशवी घ्यायला वळला.

पिशवी नव्हती.

खुर्चीखाली नव्हती, दारामागे नव्हती. मधल्या दारातून मागची खोली दिसत होती. पलंगावर पिशवी नीट ठेवलेली होती. वर चादरीची घडी.

त्यानं ती ओळखायला हवी होती. तशी घडी तो स्वतः घालायचा. पण माणसाला घाई झाली होती, पिशवीत टोपडं होतं. तो चार पावलं चालून मागच्या खोलीत गेला.

मधलं दार हळूच लागलं.

मागच्या खोलीच्या खिडकीतून दिसते ती शेजारच्या घराची भिंत. तिथे आवाज सुरू झाला.

खण्… खण्… खण्…

सगळे गज साबूत. एकही बद्द नाही.

जमादार त्या खिडकीखाली बसला. अंधाराला विचारलं, "शिंप्या… तुला सगळं ठाऊक होतं?"

आवाज थांबला.

मग पुढचा गज वाजला. अगदी हलका.

खण्…

याला आता बराच काळ लोटला. मेव्हणी परत आली. मधलं दार तिच्या हातानं उघडतं, ठिणगीच्याही. ताट आत जातं, रिकामं बाहेर येतं. लेक सुट्टीत नातीला घेऊन येते. पोरगी आता दुडुदुडु चालते, आत जाऊन आजोबांच्या मांडीवर बसते, कंटाळली की उठून बाहेर पळते. तो उंबऱ्यापर्यंत तिच्यामागे जातो आणि थांबतो. त्या भेटीला तो तुरुंगाच्या भाषेत मुलाखत म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा सगळे हसले होते. आता कुणी हसत नाही.

परवा मी गेलो होतो. मला वाटलं होतं, माणूस खंगलेला असेल. तर गुळगुळीत दाढी, स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला. मला पलंगावर बसवलं, जुन्या थापांची आठवण काढून खो-खो हसला. मग दिवेलागण झाली तसं त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ऐक," म्हणाला.

मी ऐकलं. देवाशप्पथ ऐकलं.

खण्… खण्… बद्.

साडूनं माझ्याकडे बघून डोळा मारला. पलंगाखाली भरलेली पिशवी होती. "या खेपेला निघतो बघ," तो म्हणाला.

आयुष्यभर मला कधी शब्द कमी पडला नाही. तेव्हा पडला. मी नुसती मान हलवली.

निघताना मेव्हणी दारापर्यंत आली. थकली होती, पण चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान होतं. मला म्हणाली, "हल्ली काही त्रास देत नाहीत हो. शहाण्यासारखे राहतात."

मी चपला घातल्या आणि उंबरा ओलांडला.

घरी येऊन आधी शर्ट काढला आणि उजेडात धरून बघितला. गंजाचा पट्टा नव्हता.

रोज बघतो.