शनिवारचा संशयित

तिने दार ढकललं तेव्हा तो चिखलाचं चौथं पाऊल पुसत होता. आधीची तीन केव्हाच गेली होती.

शाळेच्या वाचनालयात कोवळं ऊन आलं होतं, फरशी ओली होती, फिनेलचा वास सुटला होता... आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला एक उंच माणूस गुडघ्यांवर बसून मन लावून फडकं फिरवत होता. काल संध्याकाळी दोन तास खपून तिने याच खोलीत एक चोरी घडवली होती. खुर्ची आडवी पाडली, चहा सांडला, तसबिरीची काच फोडली, दादाच्या बुटांना चिखल फासून खिडकीपासून टेबलापर्यंत पावलं उमटवली. आता खुर्ची सरळ होती. कप धुऊन पालथा घातला होता. आणि काचा तर कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवल्या होत्या.

"काय करताय तुम्ही?"

"पुसतोय," तो वर न बघताच म्हणाला. "रात्री कुठलं तरी गाढव आत शिरलं होतं."

"ते गाढव मी."

तेव्हा कुठे त्याने मान वर केली. आधी त्याला गणवेश दिसला, मग खांद्यावरचे तारे, मग चेहरा. चेहऱ्यावर तो जरा जास्तच वेळ थांबला, आणि फडकं हातातून सुटलं.

तो या शाळेचा ग्रंथपाल. शनिवारी वाचनालय बंद असतं, पण चष्म्याचं घर इथेच विसरलं होतं, ते न्यायला आला होता. पसारा दिसला की या माणसाचे हात शिवशिवतात, त्याला तो तरी काय करणार? ती फौजदार, सव्वीस वर्षांची, शिंप्याची मुलगी. आपण पोलीस होऊ शकतो हे पंधराव्या वर्षी तिला कुणी सांगितलंच नव्हतं, ते कळेपर्यंत चार वर्षं वाया गेली. म्हणून तिने ठाण्याच्या मोठ्या साहेबांच्या मागे लागून नववी-दहावीच्या मुलांसाठी 'उद्याचे पोलीस' हा वर्ग मागून घेतला होता. साहेबांनी तीन शनिवार दिले. तिसऱ्या शनिवारी मी स्वतः येऊन मागे बसेन, म्हणाले, मुलं जांभया देताना दिसली तर वर्ग बंद आणि तुम्ही परत चौकात, वाहतुकीला. त्यातल्या पहिल्या शनिवारची चोरी या सद्गृहस्थाने फिनेल घालून स्वच्छ करून ठेवली होती.

त्याने माफी मागितली. पुन्हा चिखल आणून देतो म्हणाला, खरोखरच निघालाही. पण जिन्यावर सोळा मुलांचे पाय वाजायला लागले होते. ती क्षणभर त्या चकचकीत फरशीकडे बघत राहिली, आणि मग तिच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं.

"तुम्ही गुन्हेगार व्हाल?"

"शिक्षा किती?"

"सव्वा तास."

"एवढीच...?" तो म्हणाला, आणि स्वतःच जाऊन खुर्चीत बसला.

मुलांना तिने सांगितलं की इथे चोरी झाली होती, पण पुरावा नष्ट झालाय आणि तो नष्ट करणारा माणूस समोर बसलाय. काय घडलं ते शोधून काढा. नियम एकच — संशयिताने खोटं बोलायचं नाही. सांगायचं नसेल तर गप्प बसायचं, तो त्याचा हक्क आहे. मुलं अशी काही तुटून पडली की विचारता सोय नाही. कुणी त्याच्या गुडघ्यांचे ओले डाग मोजले, कुणी बोटांचा वास घेतला. एक किडकिडीत मुलगी होती, तिला सगळे टाचणी म्हणायचे, कारण ती टोचली की निघत नसे. तिने तर कचऱ्याच्या डब्यातून काचा काढून तसबीर जुळवायला घेतली. सव्वा तासाचे दोन तास झाले, तरी कुणी उठेना.

पुढच्या शनिवारी ती अर्धा तास आधी पोचली, तर तो तिच्याही आधी हजर. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला.

"म्हटलं, संशयित लागेल," तो म्हणाला.

त्या दिवशी बोटांचे ठसे घ्यायला शिकवायचं होतं. तिने काचेवर शाई पसरली, त्याचा उजवा हात हातात घेतला, आणि सोळा डोकी टेबलावर वाकली.

"हात सैल सोडा."

"सोडलाय."

"नाही सोडलात. बोट मी फिरवायच्या आधी तुम्हीच फिरवताय. तुम्ही काही करायचं नाही, नुसता हात द्यायचा."

"दिला," तो हळूच म्हणाला.

नऊ बोटं अगदी नेटकी उमटली. प्रशिक्षणात तिचा ठसा कधी फिसकटला नव्हता, पण दहाव्या बोटाच्या वेळी तिने चुकून वर पाहिलं... आणि तो तिच्याकडेच बघत होता. कागदावर काळा डाग पडला. टाचणीने लगेच तो दाखवला. शाई जास्त झाली, असं तिने सांगितलं. खोटं न बोलण्याचा नियम फक्त संशयिताला होता हे तिचं नशीब.

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटत नसे. मंगळवारीच शनिवारचा गणवेश इस्त्री करून ठेवलेला पाहून तिने विचारलं, हल्ली चोर फार देखणे निघतात वाटतं? ही इतक्या जोरात नाही म्हणाली की आतल्या खोलीतून आई बाहेर आली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही. आठवडाभर हिला चौकातली शिट्टी सुद्धा गोड ऐकू येत होती, आणि साहेबांची आठवण झाली की ती तिसऱ्या शनिवारची टिपणं पुन्हा तपासत होती.

तिसऱ्या शनिवारी मोठे साहेब आले. मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले, चेहरा दगडासारखा. आजचं प्रकरण म्हणजे हरवलेली नोंदवही. संशयित नेहमीचाच. चौकशी टाचणीने सुरू केली, पण तिने वहीचं नावच काढलं नाही.

"शनिवारी वाचनालय बंद असतं. पहिल्या शनिवारी तुम्ही चष्म्याचं घर न्यायला आलात. मागच्या शनिवारी का आलात?"

"मॅडमना संशयित लागतो म्हणून."

"त्यांनी बोलावलं होतं?"

"नाही."

"मग का आलात?"

सोळा पेन्सिली थांबल्या. उत्तर द्यायलाच हवं असं नाही, ती घाईघाईने म्हणाली, गप्प बसायचा तुम्हाला हक्क आहे. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग टाचणीकडे.

"हिने बरोबर जागेवर बोट ठेवलंय," तो म्हणाला. "आता गप्प बसलो तर तेही खोटंच होईल. मी मॅडमना भेटायला येतो. रविवार उजाडला की शनिवारची वाट बघायला लागतो."

एकच गलका उठला आणि साहेब उभे राहिले तसा एकदम विरला. संपलं, तिला वाटलं. तीन शनिवारांची मेहनत आणि शेवटी साहेबांना दिसला तो हा तमाशा. साहेब सावकाश पुढे आले आणि टाचणीला विचारलं, हे तुला सुचलं कुठून?

टाचणीने आपली वही उघडली. शिपाईकाकांच्या चावीच्या नोंदीत मागच्या आणि आजच्या, दोन्ही शनिवारांसाठी यांची सही आदल्या शुक्रवारीच झालेली आहे, म्हणाली, म्हणजे यायचं आधीच ठरलेलं. इतर दिवशी शर्टाला इस्त्री नसते, हे तिने वर्गातल्या तिघांकडून पक्कं करून घेतलं होतं. शिवाय दहाव्या बोटाचा डाग. त्यात शाई जास्त नव्हती, हात हलला होता. कुणाचा, ते मात्र तिला ठरवता आलं नव्हतं.

साहेबांच्या मिशा हलल्या. "माझ्या हाताखालच्या निम्म्या लोकांनी हरवलेली वहीच शोधली असती," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "वर्षभर चालू ठेवा. संशयित तेवढा बदला, याचा गुन्हा सिद्ध झालाय."

मुलांनी बाकं बडवली. तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणी कशाला आलं तेही कळेना. पण टाचणी अजून उभीच होती.

"साहेब, एकाच बाजूचा जबाब झालाय."

"हो की," साहेब म्हणाले, आणि पहिल्या बाकावर बसून घेतलं.

मग ती त्या खुर्चीत बसली. आजवर शेकडो माणसांना समोर बसवलं होतं, इकडून जग कसं दिसतं ते तिला माहीत नव्हतं. मुलांचे डोळे फार मोठे दिसत होते. तो खिडकीपाशी उभा राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"ते येतात ते तुम्हाला आवडतं का?" टाचणीने विचारलं. "गप्प बसलात तरी चालेल."

गप्प बसणं किती सोपं होतं...

"आवडतं," ती म्हणाली. "खूप आवडतं. ते रविवारपासून वाट बघतात ना? माझी शनिवारी दुपारीच सुरू होते."

खिडकीपाशी बूट हलले. तिने तिकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर पुढे बोलता आलं नसतं. टाचणीने सगळं टिपून घेतलं, एका सुरात वाचून दाखवलं, आणि कागद पुढे सरकवला. बरोबर असेल तर सही करा, म्हणाली.

तिने जबाब दोनदा वाचला. त्यात काही कमीजास्त नव्हतं. तिने सही केली, पण शेवटच्या अक्षराला खिडकीकडे पाहिलं, आणि ते ओळ सोडून वर गेलं.