राहायचा विचार आहे का?

तो दारात आला तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या. कोटाची बाही काही केल्या खांद्याला नीट बसत नव्हती, आणि ती जिवाच्या कराराने तिच्यामागे लागली होती.

"नमस्कार. जनगणनेतून आलोय. घरात माणसं किती?"

टाचण्यांमुळे बोलता येईना. तिनं दोन बोटं वर केली, मग जरा घुटमळून त्यातलं एक अर्धं मिटलं.

"म्हणजे... दीड?" त्यानं अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

तिला फस्सकन हसू आलं आणि टाचण्या फरशीवर सांडल्या. दोघंही गुडघ्यांवर बसून वेचू लागले. त्याच्या अंगठ्याला एक टोचली, पण त्यानं आवाज केला नाही. तिनं मात्र पाहिलं.

"दोन लिहा हो, मास्तर!" आतून मावशी ओरडली. "ती माझी भाची. शिवणकामाला आलीय माझ्याकडे."

तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि याच गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायचा. मोजणीपुरतं हे उपनगर त्याच्या वाट्याला आलं होतं. शहर संपतं तिथं, बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे वसलेलं. इथला मूळचा असा कुणी नव्हताच. जो तो कुठून तरी आलेला.

"नव्यानं आलेल्यांना एक प्रश्न जास्तीचा असतो," तो म्हणाला. "पुढे इथेच राहायचा विचार आहे का?"

तिनं वेचलेल्या टाचण्या एकेक करून बाहीत खोचायला घेतल्या. दूरच्या शहरात तिच्या दादानं तिच्यासाठी कपड्यांच्या कारखान्यात जागा बघून ठेवली होती. महिनाअखेर कळव, म्हणाला होता. पगार चांगला, राहायची सोय. नाही म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं.

"अजून... ठरलं नाही."

"मग हे घर अर्धवट राहिलं. परत येईन."

मोजून झालेल्या दारावर तो खडूनं बरोबरची खूण करायचा. मावशीचं दार कोरंच राहिलं.

तो परत आला. आणि परत आला. उंबऱ्यातच उभा राहायचा, पाणी प्यायचा आणि गल्लीतल्या गोष्टी सांगायचा. निवृत्त बसचालक अजून पहाटे उठून थांब्यावर जाऊन बसतो. वरच्या मजल्यावरच्या नर्सची आणि तिच्या पहारेकरी नवऱ्याची भेट होते ती जिन्यातच, एक कामावरून येताना, एक जाताना.

"तरीच!" ती म्हणाली. "तिनं त्याचा शर्ट शिवायला टाकला तर माप सांगता येईना. शेवटी हातांनी कवेत घेऊन दाखवलं... एवढा."

"ते माप बरोबर निघालं?"

"तंतोतंत," असं म्हणून तिनं उगाचच मशीन जोरात चालवलं.

एकदा ती म्हणाली, "तुमची कॉलर विरलीय. शर्ट आणून द्या, उलटवून देते."

"आणि तुमचं... ठरलं का?"

"तुम्हीच सांगा ना, काय करू?"

तो खडूशी चाळा करत राहिला. "उत्तर सुचवायचं नाही, असा आम्हाला नियम आहे."

"नियमच पाळत बसा तुम्ही!" ती फणकारली. दिवसभर तिच्या हातून एकही शिवण सरळ गेली नाही. मावशी बघत होती. "दोरा तुटतोय की आणखी काही?" एवढंच म्हणाली.

मोजणीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तो आला. कॉलर उलटवलेला तोच शर्ट अंगात, चेहरा उतरलेला.

"आज तरी काहीतरी सांगावं लागेल," तो म्हणाला.

"आधी तुमचं सांगा. काल मी तुमच्याकडे शर्ट द्यायला आले होते, तेव्हा पाहिलं. तुमच्या दारावर खूण नाही."

"माझ्या?" तो बघतच राहिला. "रोज सकाळी कुलूप लावून पुढच्या दारापासून सुरुवात करायचो... अरेच्चा! मी स्वतःला मोजलंच नाही."

आत मावशीला हसताना ठसका लागला.

"बसा," तिनं स्टूल पुढे केलं आणि त्याच्याच आवाजात विचारलं, "घरात माणसं किती?"

"एक." तो स्टुलावर टेकला. "दोन झाली तर... फार आवडेल. पण दुसरीला कारखान्यात चांगली जागा मिळतेय. तिनं जायचं ठरवलं, तर मी तिची पेटी थांब्यापर्यंत पोचवीन. मी सुचवत नाहीये. तुम्ही विचारलंत म्हणून उत्तर दिलं."

मशीनवरचं कापड घसरून खाली पडलं. कुणी उचललं नाही.

"मग विचारा ना दुसरीला," ती हळूच म्हणाली. "तुमचा तो जास्तीचा प्रश्न."

तो उठून पुन्हा उंबऱ्यात जाऊन उभा राहिला. "पुढे... इथेच राहायचा विचार आहे का?"

"आहे. दादाला आजच कळवते."

त्यानं खिसे चाचपले, खडू संपला होता. तिनं कापडावर आखायचा आपला निळा चपटा खडू उचलला आणि दारावर स्वतःच खूण केली.

"झालं ना?" मावशी म्हणाली. "मग आता त्याला आत तरी घे. महिनाभर उंबऱ्यात उभं राहून माझा उजेड अडवलाय मेल्यानं!"

संध्याकाळी गल्लीच्या टोकाला, त्याच्या खोलीच्या दारावरही तिनंच खूण केली. साऱ्या उपनगरात खुणा पांढऱ्या होत्या, निळ्या तेवढ्या दोनच.