संगणकाचं तोंड कुठे असतं?

संगणक पहिल्यांदा बंद पडला तेव्हा पन्नास मिनिटं चालला होता. दुसऱ्यांदा एकेचाळीस, आणि तिसऱ्यांदा जेमतेम चौतीस. अकरा वर्षांच्या कानन हाकेने हे आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि ती त्यांच्याकडे टक लावून बघत बसली. पण आकडे काही बोलेनात.

ही गोष्ट २०५८ सालच्या ऑक्टोबरातली. सोलापूरकडच्या बोरखेडच्या माळावर माळढोक पक्ष्यांचं एक छोटं केंद्र होतं. काननचे वडील सिद्धाप्पा तिथले राखणदार. महिन्यापूर्वी काननला गवतात एक अंडं सापडलं होतं, माळढोकाच्या मादीने टाकून दिलेलं. तेव्हापासून ते उबवणी यंत्रात (पक्षिणीसारखी ऊब देणाऱ्या पेटीत) ठेवलं होतं. ऊब किती द्यायची हे ठरवायचा संगणक, आणि अंड्यातल्या पिल्लाच्या काळजाचे ठोके ऐकून छोट्या कर्ण्यातून ऐकवायचाही तोच. तो बंद पडला की पेटी गार पडू लागायची. मग बापलेक गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन धावायचे.

खंडेनवमीपर्यंत सगळं सुरळीत होतं. नवमी झाली आणि कुठे नाट लागली कोण जाणे. शेवटी मुख्य केंद्राचा निरोप आला: पाच वाजता गाडी पाठवतो, अंडं इकडे हलवू. पिल्लू दोन दिवसांत बाहेर यायचं होतं, आणि रस्ता असा की धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी व्हावीत. अंड्याचं काय होणार?

अडीचच्या विजेवरच्या बसने तिचे आबा आले. म्हणजे आईचे वडील. मेंढरं राखणाऱ्या घरातला हा मुलगा पुढे शास्त्रज्ञ झाला आणि उपग्रह तापू नयेत म्हणून काय करायचं, याचा तीस वर्षं विचार करत बसला. आबा आधी पाणी प्यायले, मग त्यांनी वही बघितली.

"दर खेपेला लवकर दमतोय," ते म्हणाले. "का दमत असेल?"

"आम्ही तो लगेच पुन्हा सुरू करतो... त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही! आबा, म्हणजे तो तापतोय?"

"शाबास. तापून खराब होण्याआधी तो स्वतःच वीज तोडून घेतो. शहाणा आहे, आपल्यासारखा ऊन लागेपर्यंत हुंदडत नाही. आता काय तापतंय ते बघ."

काननने संगणकाच्या उभ्या डब्याला वरपासून खालपर्यंत हात लावून पाहिला. वरचा भाग कोमट होता. तळाशी मात्र चटकाच बसला. तिथे पॉवर सप्लाय बसवला होता (भिंतीतली वीज घेऊन संगणकाच्या प्रत्येक भागाला हवी तेवढी वाटून देणारी पेटी).

"कळलं!" कानन म्हणाली. "बसवणाऱ्यानेच चूक केलीय. गरम हवा वर जाते ना? मग पॉवर सप्लाय वर बसवायचा, म्हणजे त्याची गरम हवा निघून जाईल. तळाशी कशाला कोंबलाय?"

"एका दमात निकाल लावलास की!" आबा हसले. "गरम हवा वर जाते हे खरं. हवेच्या या फेरीला अभिसरण म्हणतात (गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी गार हवा येते). मग डब्याच्या वरच्या भागात कोणती हवा जमत असेल?"

"गरम."

"आणि पॉवर सप्लायने श्वासात कोणती घ्यायची?"

"गार," कानन म्हणाली आणि तिने डब्याच्या वरच्या भागाला पुन्हा हात लावला.

"पूर्वी तो वरच बसवायचे," आबा सांगू लागले. "बाकीच्या भागांनी तापवलेली हवा तोच ओढून बाहेर टाकायचा. तेव्हाचे संगणक फारसे तापायचे नाहीत, म्हणून चालून गेलं. पुढे आतले भाग तापायला लागले आणि बिचाऱ्याची दशा धुराड्यात जाऊन बसलेल्या माणसासारखी झाली. मग त्याला तळाशी आणला. डब्याच्या तळाला जाळी असते. पॉवर सप्लायचा पंखा तोंड खाली करून त्या जाळीतून बाहेरची ताजी हवा ओढतो आणि मागच्या बाजूने सोडून देतो. त्याचा श्वास वेगळा, बाकीच्यांचा वेगळा. शिवाय तो जड असतो, खाली बसला की डबा डगमगत नाही."

"मग हा का तापतोय?"

"ते तू शोधायचं. यंत्र बिघडलं म्हणण्याआधी ते श्वास कुठून घेतं ते बघावं."

काननने संगणक सुरू केला. खंडेनवमीच्या पूजेतल्या उदबत्त्या उरल्या होत्या. तिने त्यातली एक पेटवली आणि पॉवर सप्लायच्या मागे धरली. तिथून हवा बाहेर येत असेल तर धूर उडायला हवा होता. पण धूर आपला सरळ वर चालला होता.

"आबा, बाहेर हवाच येत नाहीये!"

"बाहेर येत नाही म्हणजे?"

"आत जात नाही!" असं म्हणत तिने पालथं पडून डब्याच्या खाली बघितलं. खाली काही दिसेचना. दिसणार कसं? डब्याखाली चार पदरी काळी घोंगडी होती आणि डब्याचे बुटके पाय तिच्यात पार रुतले होते. जाळी लोकरीला चिकटली होती.

सिद्धाप्पा दारातच उभे होते. "ती म्या घातलीय," ते सासऱ्यांना म्हणाले. "नवमीला हत्यारांची पूजा केली. या केंद्राचं हत्यार म्हंजे हाच की. पुजलेली वस्तू उघड्या भुईवर कशी ठिवायची, मामा? आईच्या हातची घोंगडी हाय. आमच्यात देवाला बी हेच आसन."

काननने घोंगडीवरून हात फिरवला. वडिलांनी किती मायेने ते आसन घातलं होतं, ते तिने स्वतः पाहिलं होतं.

"घोंगडी ठेवूनही एक मार्ग आहे," आबा म्हणाले. "पॉवर सप्लाय उलटा बसवायचा, पंख्याचं तोंड वर. मग तो डब्यातली हवा घेईल. जाड गालिचावर डबा ठेवणारी माणसं तसंच करतात. करायचं का, कानन?"

काननने विचार केला. डब्यातला काळजाचे ठोके ऐकणारा भागही राबताना तापायचाच. "नको," ती म्हणाली. "पुन्हा दुसऱ्याची गरम हवाच त्याच्या वाट्याला येईल. अप्पा, त्याचं तोंड खाली आहे. आपण..."

"म्हंजे मी त्याच्या तोंडावरच घोंगडी घातली व्हय!" सिद्धाप्पांनी कपाळावर हात मारला. "मेंढरामागं थंडीत तोंडावर घोंगडी घिऊन निजलं, की घटकाभरात जीव घाबरा हुतो. मला कळायला पायजे हुतं गं."

संगणक बंद केला. त्यांनी घोंगडी काढून, झटकून खांद्यावर टाकली, लगबगीने आतून पाट आणला आणि डब्याखाली सरकवू लागले.

"अप्पा, पाटानेही तोंड बंदच होईल!"

"आरं तिच्या!" म्हणत त्यांनी चार विटा धुऊन आणल्या, चार कोपऱ्यांना मांडल्या आणि हळदीकुंकू लावूनच डबा वर ठेवला. पूजा ती पूजाच. काननने जाळीतला लोकरीचा भुगा ब्रशने काढला. अंड्याभोवती गरम पाण्याच्या पिशव्या ठेवून डबा गार होऊ दिला आणि तीन चाळीसला बटण दाबलं. या वेळी उदबत्तीचा धूर मागे धरताच फर्रकन उडाला.

मग सुरू झालं वाट बघणं. चौतीस मिनिटं झाली. एकेचाळीस झाली. पन्नासाव्या मिनिटाला काननने श्वास रोखून धरला, आणि तो कधी सोडायचा हेच ती विसरली.

"आबा," एकावन्नाव्या मिनिटाला ती म्हणाली, "अंतराळस्थानकात तर वर-खाली नसतंच. तिथे गरम हवा कुठे जाते?"

"कुठेच नाही. जागच्या जागी घुटमळते. सगळं काम पंख्यांनाच करावं लागतं. पुढे तिथे मोठाली गावं वसतील, तेव्हा त्यांचे संगणक कसे मांडायचे, हे तुमच्या पिढीने ठरवायचं."

पाच वाजता गाडी आली. अधिकारी ताई गाद्या लावलेली रिकामी पेटी घेऊन आत आल्या. "चला, अंडं द्या," त्या म्हणाल्या. काननने वही पुढे केली. "ऐंशी मिनिटं झाली, ताई. अजून चालू आहे." ताईंनी वही वाचली, डब्याला हात लावला आणि विटांवरच्या हळदीकुंकवाकडे बघत काही विचारणार, तोच कर्ण्यातून ठोक्यांच्या मधोमध एक नवा आवाज आला. बारीक, चिरका. पुन्हा आला.

"पिल्लू आतून बोलतंय," ताई हळूच म्हणाल्या. त्यांनी आपली पेटी मिटली. "आता याला जागचं हलवायचं नाही."

गाडी रिकामी परत गेली. काननला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने दोन्ही येऊ दिली.

"मामा, आता मुक्काम करा," सिद्धाप्पा म्हणाले. "परवा पिल्लाचं बारसं हाय."