हिंगण्याचे न फुगलेले गोळे

बेकरीत पाय ठेवताच लहानूला पावाचा वास आला. त्याच्या गुप्तहेर मित्राला, आनंदरावांना, भांडणाचा आला.

बेकरीवाली जया हात बांधून उभी होती. बर्फात गोठवूनही मरणार नाही असं खमीर तिनं फार खपून तयार केलं होतं. नंदनवनातल्या तिच्या घरी केलेले मैद्याचे गोळे गोठवून बाहेर काढले की दर वेळी फुगत. बेकरीतला हा पहिलाच मोठा घाणा मात्र निपचित पडला होता. उद्या सीताबर्डीचा हॉटेलवाला माल पाहायला येणार होता.

"रविंद्रानं फ्रीजर बंद ठेवला असन," ती म्हणाली. "दीर असला म्हणून काय झालं? उद्यापासून येऊ नको म्हटलं त्याले."

"वहिनी, मी काहून बंद करू?" रविंद्रानं फ्रीजर उघडला. "माझ्या पोरीच्या कांड्या आहेत यात. घाण्याच्या आधीपासून ठेवलेल्या."

साच्यातून काढलेल्या बर्फाच्या कांड्या पेल्यात ताठ उभ्या होत्या. खालच्या ट्रेमधले गोळे एकमेकांना चिकटले होते.

"असेच ठेवले होते?" आनंदरावांनी विचारलं.

"नाही जी. मधात जागा सोडून," जया म्हणाली.

ट्रेच्या काठावर राख होती. "विडीची," लहानू रविंद्राकडे पाहत म्हणाला.

आनंदरावांनी ती हुंगली. "विडीले मोगऱ्याचा वास कधीपासून येते गा?"

मग ते भट्टीवाल्या नत्थूजींकडे वळले. "ट्रे आत कोणी ठेवले?"

"मीच. भट्टीचा मान झाल्यावर."

लहानूला त्यात काही विशेष वाटलं नाही. आनंदराव मात्र मैद्याच्या पोत्यावर टेकले.

"फ्रीजर बंद पडला असता तर कांड्या वितळल्या असत्या. पेल्याच्या तळाशी त्यांचं पाणी गोठलं असतं. अन् जागा सोडूनही गोळे चिकटले, म्हणजे ते फुगले आत जायच्या आधी, ऊब मिळाली तिथं. नत्थूजी, नवा माल भट्टीच्या तोंडाशी ठेवून उदबत्ती लावता ना?"

"जळून संपेपर्यंत हात नाही लावत. आमच्या उस्तादाची रीत आहे."

जया खाली बसली. "खमीर जागं झालं की थंडी सोसत नाही. झोपेतच गोठवा लागते. घरी भट्टीच नव्हती, म्हणून नत्थूजीले सांगायचं मले सुचलंच नाही." ती रविंद्राकडे वळली. "चुकलं माझं, भाऊजी."

"चुकलं ते चुकलं. मैदा चाळू का?"

"अन् भट्टीचा मान?" नत्थूजी अडून बसले.

"उद्या करा," जया म्हणाली. "गोठून निघाल्यावर ऊब लागतेच."

दुसऱ्या दिवशी नवे गोळे भट्टीच्या तोंडाशी टम्म फुगले. हॉटेलवाला पाव मोडून खात म्हणाला, "रोजच्या मालाचं कोणाशी बोलू?"

"यांच्याशी," जया म्हणाली. "माझे दीर आहेत. सारं हेच पाहतात."

लहानूच्या तोंडात दुसरा पाव होता.