रेशमाच्या अळ्या आणि शांतारामकाकांचा बंदोबस्त

“अजून एक गेली,” तेजल म्हणाली आणि तिने मेलेली अळी पानावरून अलगद उचलली.

कालपर्यंत दोन्ही सुपं पांढऱ्या, गुबगुबीत अळ्यांनी भरली होती. आज त्या मान टाकून पडल्या होत्या. समोर तुतीचा पाला होता, पण खायचं नाव एकही घेत नव्हती.

दिवाळीच्या सुटीत बोईसरच्या एका सभागृहात चिनी वारसा संग्रहालयाचं फिरतं प्रदर्शन आलं होतं. सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ, कागदी कंदील, कुंचल्याने चिनी अक्षरं काढायचा वर्ग, सगळं होतं. पण सालवडची तेजल, तिचा धाकटा भाऊ मिथुन आणि तेजलची मैत्रीण सोमी हे तिघं पहिल्याच दिवशी रेशमाच्या दालनात अडकले ते अडकलेच. तिथे काचेच्या पेटीत शंभर वर्षांचा निळा रेशमी झगा होता आणि शेजारी जिवंत अळ्या. “ह्या तोंडातून धागा काढतात आणि स्वतःभोवती कोष विणतात,” असं संग्रहालयाच्या मेघालीताईंनी सांगितलं, तेव्हा मिथुनने जो आ वासला तो मिटेचना. ताईंनी आणलेला पाला संपत आला तेव्हा सोमी म्हणाली, “उमरोळीला आमच्या मामाकडं तुती हाय. मी आणते.” तेव्हापासून ती रोज पिशवी भरून पाला आणायची.

आणि आता अळ्या मरत होत्या.

“पाल्यावर फवारणी झालेली आहे,” सभागृहाचे व्यवस्थापक शांतारामकाका निकाल देऊन मोकळे झाले. “पोरांवर भरवसा टाकला की असंच होतं.”

“नाय काका, आमी कायपण फवारत नाय,” सोमी म्हणाली. “आमच्या बकऱ्या तोच पाला खातात.”

“बकऱ्या काय, प्लॅस्टिकसुद्धा खातात.” काकांनी तिची पिशवी उचलली आणि बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली. मेघालीताई डोळे पुसत फोनवर दुसरा पाला मागवत होत्या. तो उद्या संध्याकाळी येणार होता.

“तोवर ह्या जगणार नाहीत, ताई,” तेजल म्हणाली. ताईंनाही ते ठाऊक होतं.

व्हरांड्याच्या पायरीवर बसून सोमी रडू लागली. “माझ्या हातानं मेल्या का गं त्या?” ती पुन्हा पुन्हा विचारत होती. न केलेल्या चुकीचा आळ फार बोचतो. त्यातून आपण खरंच चुकलो असू की काय, असं वाटू लागलं, तर विचारूच नका.

तेजलचं डोकं मात्र चालू होतं. “सोमी, दोन्ही सुपांत पाला एकच घातलास ना?”

“एकच.”

“मग दाराजवळच्या सुपातल्या अजून वळवळतायत आणि झग्याजवळच्या धडाधड मेल्या, असं का?”

सोमीने रडणं थांबवलं. मिथुन केव्हाच आत पळाला होता. परत आला तो आपल्या डब्यात झग्याजवळच्या काही अर्धमेल्या अळ्या घेऊन. त्यांनी डबा मोकळ्या हवेत ठेवला, पिशवीतला कोवळा पाला आत पसरला आणि तिघं डोकी जोडून बसले.

काहीच घडलं नाही. एक अळी डब्यातच मेली. मिथुनच्या डोळ्यांत पाणी आलं. ऊन पायरीवरून सरकलं, तरी सगळं जिथल्या तिथे. “चला घरी,” सोमी हताश होऊन म्हणाली, आणि तेवढ्यात एका अळीने डोकं उचललं. पानाच्या कडेला बारीकसा चावा दिसला.

“खातेय!” मिथुन ओरडला.

“म्हणजे पाला बरा आहे,” तेजल म्हणाली. “दालनातच काहीतरी गडबड आहे.”

“आत वास येतो,” सोमी म्हणाली.

“बोईसरला वास कुठे येत नाही?” तेजलचं म्हणणं काही खोटं नव्हतं. कारखान्यांच्या शेजारी राहून तिचं नाक पार निर्ढावलं होतं.

मिथुनने दालनातून आणलेल्या डब्याचं झाकण हुंगलं. “आई लग्नातला शालू बाहेर काढते ना, तसा येतोय.”

“झगा!” दोघी एकदम म्हणाल्या. मग तिघंही आत धावले.

“कुठे निघालात?” शांतारामकाका दारात आडवे झाले. मिथुन त्यांच्या हाताखालून सटकला आणि थेट काचेच्या पेटीखाली घुसला. त्याने ओढून काढलेली कापडी पुरचुंडी सुटली आणि डांबराच्या गोळ्या फरशीभर घरंगळत गेल्या. पेटीखाली अशा आणखी बऱ्याच पुरचुंड्या होत्या.

“त्या मी ठेवल्यात,” काका म्हणाले. “परवा इथे झुरळ दिसलं. एवढं जुनं रेशीम, त्याला कसर लागली तर? आमच्या घरीसुद्धा शालूत ठेवतात.”

“काका, ह्या गोळ्या किडे मारायलाच असतात ना?” तेजलने विचारलं. “मग ह्या अळ्यासुद्धा किडेच आहेत.”

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. “आणि मला वाटत होतं, इथल्या हवेलाच असा वास आहे,” मेघालीताई पुटपुटल्या. “एसीसाठी दालन दिवसभर बंद!” त्यांनी सूप उचलून व्हरांड्याकडे धाव घेतली. सोमीची पिशवी उघडली ती शांतारामकाकांनीच. एकेक पान त्यांनी स्वतः अळ्यांपुढे पसरलं.

बऱ्याच अळ्या वाचल्या नाहीत. पण ज्या वाचल्या त्या खात सुटल्या, आणि पुढे काड्यांच्या चौकटीवर चढून त्यांनी कोष विणले.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी सभागृह भरलं. सोमीचा मामाही आला होता. शांतारामकाका माइकवर म्हणाले, “मी शहानिशा न करता सोमीवर आळ घेतला. चूक माझी होती. ह्या तीन पोरांनी अळ्या वाचवल्या आणि माझी अब्रूही वाचवली. बोला, काय बक्षीस देऊ?”

टाळ्या वाजत होत्या. सोमीचं लक्ष मात्र मंचावर शेगडीवर तापत असलेल्या पातेल्याकडे होतं. “ताई, हे पाणी कशाला?”

मेघालीताई घुटमळल्या. “धागा अखंड काढायचा तर कोष गरम पाण्यात टाकावे लागतात गं. आज तेच दाखवायचं आहे.”

“आणि आतल्या?”

“त्या मरतात,” ताई हळूच म्हणाल्या. सोमीने तेजलकडे पाहिलं, मिथुनकडे पाहिलं आणि माइक हातात घेतला. “आमाला बक्षीस नको. ह्यांना उकळू नका.”

मेघालीताईंनी कोषांची चौकट सोमीच्या हातात दिली. “आतली पाखरं बाहेर पडेपर्यंत हे कोष तुझ्याकडे राहतील.”

शांतारामकाका पुढे आले, पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, “पाणी चांगलं तापलंय. साखर आणा रे कोणीतरी, चहा टाकतो.”

पहिला कप त्यांनी सोमीला दिला.