वाल्मीकचे तीन होमरन

"बाई, उद्या सायेब जानार. आज खरं-खोटं झालं न्हाई तर माझं संपलं!"

पुण्याच्या खासगी तपासनीस लीलाबाई परांजपे मुळशीला गाडीतून उतरल्याही नव्हत्या, तोच धनगरवाड्यावरचा कान्हू समोर आला. मागून त्यांचे भाऊ नाना धापा टाकत उतरले.

१९५८ साल सरत होतं. रस्त्याच्या कामावर आलेल्या मॅक्सवेल या अमेरिकन इंजिनिअरने इथल्या पोरांना बेसबॉलचं वेड लावलं होतं. चेंडू धरणाच्या तळ्याकाठच्या कुंपणापलीकडे गेला की होमरन. वर्षात ज्याचे सर्वांत जास्त, त्याला साहेब अमेरिकेतल्या व्यावसायिक संघाच्या चाचणीला नेणार होता. कान्हूचे एकतीस झाले होते, हैबतराव पाटलांच्या वाल्मीकचे तीस. काल मात्र कचेरीतल्या कागदांत वाल्मीकचे तेहतीस भरले. जादा तीन मे महिन्यातले होते. तेव्हा साहेब रजेवर होता, आणि त्या वेळचा कारकून केव्हाच बदलून गेला होता.

लीलाबाईंनी इंग्रजीत टाइप केलेला कागद वाचला. '१८ मे. वाल्मीक, तीन होमरन. तिन्ही चेंडू थेट पाण्यात.'

कुंपणाला पाणी लागलंच होतं. "यात खोट कसली?" नाना म्हणाले.

कारकून दीक्षित तुटकपणे बोलला. "मी दसऱ्याला रुजू झालो. मिळाले तसे कागद लावले."

हैबतराव बाजेवरून उठलेही नाहीत. "मला विंग्रजी येत न्हाई."

"तुमची जमीन कुठली?" लीलाबाईंनी विचारलं.

"कुटली म्हंजे? धरनानं गिळली! उन्हाळ्यात पानी हटलं की वर येती. कुंपनापासनं दोन फर्लांग, पार पान्यापतुर आमची काकडी आसती."

संध्याकाळी साहेबाच्या तंबूत सगळे जमले.

"मे महिन्यात कुंपणापलीकडे काकडीचं शेत असतं," लीलाबाई म्हणाल्या. "पाणी दोन फर्लांगांवर, पाव मैल लांब. तिथवर माणसाच्या हातून चेंडू जाईल? गावातला कुणीही असं लिहिणार नाही. हे लिहिणाऱ्याने तळं भरलेलंच पाहिलंय. दसऱ्यानंतर."

दीक्षितने खिशातून मूळ कागद काढला. त्यावर वाल्मीकच्या नावापुढे शून्य होतं.

"पाटलांनी घराला जागा देतो म्हटलं," तो पुटपुटला.

हैबतरावांनी तंबूबाहेरच्या तळ्याकडे हात केला. "त्या पान्यानं माझं रान बुडवलं," ते म्हणाले. "आज आब्रूबी बुडवली."

वाल्मीकने बापाकडे पाहिलं नाही. आपली बॅट त्याने कान्हूच्या हातात दिली.

"तीसच व्हते. मला ठावं हाय," तो म्हणाला. "ही ने. तुझी चिरलीया."